जुना ॲम्प्लिफायर, जुनी गाडी आणि खिशातला प्लेअर : कसं जोडायचं?

खांडेपारकर

नमस्कार मंडळी,

खिशात मावणारा एक म्युझिक प्लेअर माझ्याकडे आहे. फोन नव्हे, मेमरी कार्डावर चालणारा वेगळा प्लेअर. त्यात बाबांच्या कॅसेटींवरून उतरवलेलं नाट्यसंगीत, भजनं आणि आमच्या वाड्यावरच्या चवथीतल्या घुमट (मातीचं तालवाद्य) आरत्या भरल्या आहेत. इअरफोनवर झकास वाजतो, पण ऐकणारा मी एकटा. आईला कानात काही खुपसून घेणं मंजूर नाही, आणि आरती ही एकट्याने ऐकायची गोष्टही नव्हे.

तर हा प्लेअर दोन ठिकाणी जोडायचा आहे.

घरी १९८०च्या दशकातला देशी स्टिरिओ ॲम्प्लिफायर आहे. दोन लाकडी स्पीकर, सगळं चालू स्थितीत. मागे आजच्यासारखी लाल-पांढरी सॉकेटं नाहीत, पाच भोकांची गोल सॉकेटं आहेत. त्यांवर टेप, ट्यूनर आणि पीयू-मॅग असं लिहिलं आहे.

गाडी जुनी हॅचबॅक. कंपनीने दिलेला रेडिओ-सीडी आहे, ऑक्स (बाहेरचा प्लेअर जोडायचं भोक) नाही, यूएसबी नाही. रोज फोंडा-पणजी करतो, त्यामुळे ऐकायला वेळ भरपूर.

घरी कुठल्या सॉकेटला जोडू? इअरफोनच्या जॅकमधून काढलेला आवाज ॲम्प्लिफायरला चालतो, की काही जळेल? आणि गाडीतला टेप, म्हणजे तो रेडिओ-सीडी, बदलण्यावाचून गत्यंतर आहे का?

एका दुकानदाराला विचारलं. तो म्हणाला, हे सगळं भंगारात घाला आणि ब्लूटूथ स्पीकर घ्या. हा एक सल्ला सोडून बाकी सगळे चालतील.

पावपातळभाजी

ब्लूटूथ स्पीकर घ्या.

(पळतो.)

कुळागर

वाचनखूण साठवली आहे. आमच्या माडीवरही असाच एक ठोकळा पडून आहे. त्यावर सध्या सोलं (आमसुलं) वाळत घालतात.

सोल्डरगन

खांडेपारकर, काही जळणार नाही. इअरफोनचा जॅक १६ किंवा ३२ ओहमचे इअरफोन हलवण्यासाठी बनवलेला असतो. ॲम्प्लिफायरच्या इनपुटचा रोध साधारण दहा हजार ओहम आणि त्याहून जास्त. म्हणजे प्लेअरला तिथे काही ओझंच नाही. प्लेअरला वेगळं लाइन-आउट (ॲम्प्लिफायरला जोडण्यासाठीचं भोक) असेल तर ते वापरा, नसेल तर इअरफोनचा जॅक बिनधास्त वापरा.

आता सॉकेट. पीयू-मॅगला लावू नका. ते मॅग्नेटिक पिकअपच्या रेकॉर्ड प्लेअरसाठी आहे. त्या सुईतून येतात जेमतेम काही मिलिव्होल्ट, तुमच्या प्लेअरमधून येतो अर्धा-एक व्होल्ट. म्हणजे शंभरपट आणि वर. शिवाय तबकडी कापताना खर्ज कमी आणि वरचे स्वर जास्त करून कापतात, त्याची भरपाई हे इनपुट उलट करतं. तुम्ही प्लेअर लावलात तर खर्ज फुगलेला, वरचं सगळं दबलेलं आणि आवाज फाटलेला ऐकू येईल. घुमट घुमणार नाही, गुरगुरेल.

टेप किंवा ट्यूनर, दोन्ही चालतील. पाच पिनांच्या त्या प्लगला डिन प्लग म्हणतात. सोल्डरच्या बाजूने पाहिलंत तर कमानीत ओळीने पिना येतात त्या १, ४, २, ५, ३ अशा. हो, क्रम विचित्र आहे, पण प्लगवर बारीक आकडे कोरलेले असतात, ते भिंगातून वाचा. २ म्हणजे अर्थिंगची पिन. ३ डावा आणि ५ उजवा, यांतून आवाज ॲम्प्लिफायरमध्ये जातो. १ आणि ४ टेपच्या सॉकेटवर रेकॉर्डिंगसाठी असतात, त्यांतून आवाज बाहेर येतो.

एका बाजूला साडेतीन मिलिमीटरची स्टिरिओ पिन, दुसऱ्या बाजूला हा प्लग, मध्ये दोन पदरी शिल्डेड (वर जाळीचं आवरण असलेली) वायर. पिनेचं टोक डावा, मधली कडी उजवा, मागचा भाग अर्थ. सोल्डरिंग येणाऱ्याला चहा होईपर्यंतचं काम आहे.

एक सांभाळा. काही जुन्या सेटांत कंपन्यांनी आपापल्या मनाने पिना फिरवल्या आहेत. आधी आवाज शून्यावर ठेवून लावा, मग हळूहळू वाढवा.

बोरीचा पूल

सोल्डरगन काका, दंडवत. एवढं सोपं करून कोणी सांगितलं नव्हतं.

एक शंका. पाच पिनांची मिडी केबल घरी आहे, मुलाच्या कीबोर्डची. प्लग तोच दिसतो. ती कापून वापरली तर?

सोल्डरगन

प्लग तोच, आतली जोडणी वेगळी. मिडीत सहसा ४, ५ आणि २ एवढ्याच पिनांना तारा असतात. ३ मोकळी. म्हणजे तुम्हाला फक्त उजवी बाजू ऐकू येईल. कीबोर्डची केबल कापल्याबद्दल मुलगा काय ऐकवेल ते वेगळं.

पेठेतला ऑडिओफाइल

इथे मूळ प्रश्न बाजूला राहतोय. इअरफोनच्या जॅकमधून ॲम्प्लिफायरला देणं म्हणजे दोनदा ॲम्प्लिफाय करणं. प्लेअरच्या यूएसबीतून डिजिटल सिग्नल काढा, चांगल्या वेगळ्या डॅकला (डिजिटलचा आवाज करणारी डबी) द्या, तिथून ऑक्सिजनमुक्त तांब्याच्या केबलने ॲम्प्लिफायरला. केबलवर हात आखडता घेऊ नका. साखळी तिच्या सर्वांत कच्च्या कडीइतकीच पक्की असते.

पावपातळभाजी

आलं पुणं धाग्यावर. कोणीतरी खुर्च्या मांडा.

निळी छत्री

ऑडिओफाइल साहेब, धागाकर्त्याने लिहिलं आहे की गाणी कॅसेटवरून उतरवली आहेत. घरगुती कॅसेट, त्यात वाड्यावर रेकॉर्ड केलेली आरती, मागे फटाके आणि कोणाचंतरी बाळ रडतंय. त्यात डॅक कुठली अदृश्य माहिती शोधणार आहे? बाळाचं नाव?

पेठेतला ऑडिओफाइल

उपहास करणं सोपं असतं. उद्या त्यांनी चांगल्या प्रतीच्या फाइल घेतल्या तर?

सोल्डरगन

भांडू नका. ऑडिओफाइल यांचा एक मुद्दा बरोबर आहे, इअरफोनच्या जॅकपेक्षा लाइन-आउट स्वच्छ असतं. जुन्या आयपॉडच्या तीस पिनांच्या डॉकमधून सरळ लाइन-आउट मिळायचं, आवाजाच्या बटणाशी त्याचा संबंध नसे. ते सोडून इअरफोनचा जॅक वापरणाऱ्याला मीही रागावलो असतो. पण इथे प्रश्न दीड मीटर वायरचा आहे. एवढ्या अंतरावर वायर शिल्डेड असावी, टाका नीट बसलेला असावा, बस्स. उरलेल्या पैशांत स्पीकरच्या कडांचा फोम तपासून घ्या. आपल्याकडच्या दमट हवेत तो भुसभुशीत होतो आणि दोष बिचाऱ्या केबलला जातो.

प्लेअरचा इक्वलायझर बंद ठेवा. प्लेअरचा आवाज पाऊणच्या आसपास आणि पुढचं कमी-जास्त ॲम्प्लिफायरवर. प्लेअर अगदी कमी ठेवून ॲम्प्लिफायर वाढवलात तर खरखरही वाढते. प्लेअर पूर्ण ठेवलात तर जुन्या डिन इनपुटला तो जास्त होऊन आवाज फाटू शकतो.

अबोली

विषय निघालाच आहे म्हणून विचारते. आमच्याकडे आजोबांचा व्हॉल्व्हचा रेडिओ आहे, मागे ग्रॅम लिहिलेली दोन भोकं. वर निळी छत्री यांनी पीयूला लावू नका म्हटलंय तेच याला लागू का? फोनवरची गाणी त्यातून ऐकायची फार इच्छा आहे. तो आवाज वेगळाच असतो.

निळी छत्री

ते मी नाही, सोल्डरगन यांनी म्हटलंय. मी फक्त पुण्याशी भांडले.

सोल्डरगन

अबोलीताई, तुमचं उत्तर उलटं आहे. व्हॉल्व्ह रेडिओवरचं ग्रॅम हे बहुधा क्रिस्टल पिकअपसाठी असायचं. त्याचा आवाज मुळातच मोठा, त्यामुळे तिथे ती भरपाईची भानगड नाही. फोन तिथे छान वाजतो.

पण. जोडण्याआधी रेडिओ जाणकाराला उघडून दाखवा आणि आत मेन्सचा ट्रान्सफॉर्मर आहे का ते बघायला सांगा. काही छोटे सेट ट्रान्सफॉर्मरशिवाय बनवायचे. त्यांत लोखंडी चॅसी (आतला सांगाडा) थेट घरच्या विजेला जोडलेली असते. दोन पिनांचा प्लग उलटा बसला की चॅसीवर २३० व्होल्ट. त्या काळी लाकडी खोका आणि प्लास्टिकच्या बटणांमुळे माणसाचा हात तिथे पोचत नसे. तुम्ही फोनची वायर लावलीत की तीच वीज फोनवर आणि तुमच्या हातात. ट्रान्सफॉर्मर नसेल तर त्याला काही जोडू नका, नुसता रेडिओ ऐका. हे गमतीत घेऊ नका.

ट्रान्सफॉर्मर असेल तर पुढचं सोपं. रेडिओ मोनो, फोन स्टिरिओ. डावा-उजवा थेट एकत्र पिळू नका, दोन्ही वाहिन्या एकमेकींना ढकलत राहतात. प्रत्येकीत एक हजार ओहमचा रेझिस्टर घाला आणि मग एकत्र करा.

अबोली

बापरे. बरं झालं विचारलं. आमच्याकडे मागचा पुठ्ठाच नाहीये रेडिओला, आणि मांजर त्यावर झोपतं.

सोल्डरगन

आज रात्री प्लग काढून ठेवा.

चोडणकार

घरचं झालं, आता गाडीबद्दल. एफएम ट्रान्समीटर! सिगारेट लायटरच्या भोकात लावायचा, प्लेअर त्याला जोडायचा, गाडीच्या रेडिओवर तीच फ्रीक्वेन्सी लावायची. ८७.५ ते १०८ मेगाहर्ट्झमध्ये जी जागा मोकळी असेल ती. आपल्याकडे मुंबईइतकी गर्दी नाही, मोकळ्या जागा मिळतात. पणजीत आकाशवाणीच्या १०५.४च्या आजूबाजूला तेवढं जाऊ नका.

अनुभव सांगतो. रायबंदरच्या फेरीबोटीत गाड्या एकमेकींना चिकटून उभ्या असतात. माझ्या ट्रान्समीटरवर अभंग चालू होता. शेजारच्या गाडीतल्या पर्यटक पोराने रेडिओ फिरवता फिरवता नेमकी तीच जागा पकडली. काच खाली करून मला विचारतो, अंकल, हे स्टेशन कुठलं, मस्त आहे. मी म्हटलं, चोडणचं लोकल. फेरी धक्क्याला लागली, मी पुढे गेलो, त्याचं स्टेशन गेलं.

पावपातळभाजी

हहपुवा (हसून हसून पुरेवाट). परवाना शुल्क भरलंत का?

घाटवाट

चोडणकार, स्थिर उभ्या गाडीत ठीक आहे. मी चोर्ला आणि अनमोड दोन्ही घाट सतत करतो. घाटात सगळी स्टेशनं जातात, त्यामुळे ट्रान्समीटर उत्तम चालतो. पण बेळगाव जवळ आलं की तुमच्या मोकळ्या जागेवर कोणीतरी येऊन बसतं आणि भीमसेनी सुरात मधेच कन्नड जाहिरात. मग वळणावर एका हाताने फ्रीक्वेन्सी बदला. नकोच ते.

आणि एफएमच्या स्टिरिओत मुळात १५ हजार हर्ट्झच्या वरचं जात नाही. तुमच्या कॅसेटवरच्या गाण्यांना त्याचं दुःख नाही, मान्य. पण मागची सुरसुर? हळू आलापीत ती कायम ऐकू येते.

ट्रान्समीटरच वापरायचा तर तो गाडीच्या अँटेनापासून फार लांब ठेवू नका. अँटेना टपावर मागे आणि ट्रान्समीटर पुढे खाली, असं असेल तर खरखर वाढते.

माझ्या आधीच्या गाडीत कॅसेटवाला टेप होता. त्यासाठी कॅसेटच्या आकाराचा ॲडाप्टर मिळायचा. आत फीत नाही, एक छोटं हेड. ते टेपच्या हेडला समोरासमोर येतं आणि चुंबकानेच आवाज पोचवतं. ट्रान्समीटरपेक्षा किती तरी सरस. धागाकर्त्याकडे सीडी आहे, म्हणजे कॅसेटवाल्यांपेक्षा नवी गाडी आणि त्यांच्याहून वाईट सोय. प्रगती म्हणतात ती हीच.

कुळागर

अवांतर: सोलांचा ठोकळा खाली काढला. मागे डिन सॉकेट निघालं! आत एक पालही निघाली. पाल गेली.

हडफडेचा वारा

किनाऱ्याजवळ राहणाऱ्यांसाठी एक गोष्ट कोणी लिहिली नाही म्हणून लिहितो. समुद्राची खारी हवा आणि वर वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस. सॉकेटं काळी-हिरवी पडतात. प्लग हलवला की एक बाजू जाते, पुन्हा हलवला की येते. लोक केबल बदलत बसतात. कॉन्टॅक्ट क्लीनरचा फवारा मारा, प्लग दहा-वीस वेळा आत-बाहेर करा, आवाजाचं बटण आणि सिलेक्टरही (टेप-ट्यूनर निवडायचं बटण) तसाच फिरवून घ्या. वीज बंद करून, आणि फवारा पूर्ण सुकू द्या. घासकागद वापरू नका, वरचा मुलामा जाऊन पुढच्या पावसाळ्यात आणखी लवकर गंजतं. पावसाळ्यात सेट आठवड्यातून थोडा वेळ चालू ठेवलात तर आत ऊब राहून दमटपणा कमी होतो.

निळी छत्री

गाडीत दुसरी एक कटकट असते ती सांगते. माझ्या गाडीला ऑक्स आहे. प्लेअर ऑक्सला आणि त्याच वेळी लायटरच्या चार्जरला लावला की कूंऽऽ असा आवाज. ॲक्सिलरेटर दाबला की तो सूर चढतो, सोडला की उतरतो. आमच्या मिस्टरांना आधी तो तानपुराच वाटला.

कारण असं की प्लेअरला गाडीची अर्थ दोन वाटांनी मिळते, एक चार्जरमधून आणि एक ऑक्सच्या वायरमधून. त्या फेऱ्यातून अल्टरनेटरचा (इंजिनावर फिरून वीज बनवणारं यंत्र) आवाज शिरतो. चार्जर काढला की बंद. उपाय दोन: प्रवासात चार्जिंग पॉवर बँकेवरून करा, ती गाडीला जोडलेली नसताना. नाहीतर ग्राउंड लूप आयसोलेटर म्हणून अंगठ्याएवढी डबी मिळते ती ऑक्सच्या वायरीत घाला. आत दोन छोटे ट्रान्सफॉर्मर असतात. अगदी स्वस्तातली डबी खर्ज खाते, तबल्याचा डगा पोकळ होतो, म्हणून घेण्याआधी वाजवून बघा.

पेठेतला ऑडिओफाइल

अगदी बरोबर लिहिलंत ताई. घरीही प्लेअर चार्जिंगला लावून ॲम्प्लिफायरला जोडला तर ५० हर्ट्झचा घूं येतो तो याच जातीचा. बॅटरीवर चालवा, निम्मे घूं तिथेच मिटतात.

निळी छत्री

आपलं एकमत झालं! धागा वर काढून ठेवा कोणीतरी.

बोरीचा पूल

यूएसबीवाल्या टेपबद्दल माझी वेगळीच तक्रार. गाण्यांची नावं देवनागरीत दिली की पडद्यावर नुसते चौकोन. मेनूत भाषा बदलायला गेलो तर इंग्रजी, जर्मन, फ्रेंच, स्पॅनिश आणि... पोर्तुगीज. मराठी नाही, कोकणी नाही, हिंदीही नाही. गोवामुक्तीचं १९६१ उलटून इतकी वर्षं झाली, पण माझ्या डॅशबोर्डला अजून कोणी कळवलेलं नाही.

चोडणकार

आमच्या आजीला चाललं असतं. ती चौथीपर्यंत लिसेवात (पोर्तुगीज काळातली सरकारी शाळा) नव्हे तरी शेणै मास्तरांकडे पोर्तुगीज शिकली होती.

घाटवाट

चौकोनांवर उपाय: फाइलींची आणि टॅगांची नावं रोमनमध्ये द्या. आणि पेन ड्राइव्ह फॅट-३२ मध्ये (फाइली साठवायची जुनी पद्धत) फॉरमॅट करा. ६४ जीबीची कार्डं आणि ड्राइव्ह बहुधा एक्सफॅट (नवी पद्धत) करून येतात, जुने टेप ती वाचतच नाहीत. फ्लॅक (दर्जा न घटवता साठवलेल्या) फाइलीही जुन्यांना चालत नाहीत, एमपी३ सगळीकडे चालते. गाणी क्रमाने वाजत नसतील तर ज्या क्रमाने कॉपी केलीत त्या क्रमाने वाजत असतील. फोल्डर रिकामा करून पुन्हा क्रमाने भरा.

प्लेअर गाडीत उन्हात ठेवून जाऊ नका हेही इथेच सांगतो. मिरामारला मे महिन्यात बंद गाडीत काय तापतं ते सगळ्यांना ठाऊक आहे. लिथियमची बॅटरी फुगते.

केरीकर

उशिरा आलो. कॅसेट, तबकड्या आणि जोडण्या चाललंय म्हणून आमच्या गावची एक फुशारकी. १९७७ साली नासाने व्हॉयेजर यानांवर सोन्याचा मुलामा दिलेली तबकडी पाठवली, त्यात केसरबाई केरकरांची साडेतीन मिनिटांची भैरवी आहे. केसरबाई आमच्या केरीच्या, म्हणजे फोंडा तालुक्याच्याच. गंमत अशी की तबकडीसोबत नासाने कार्ट्रिज (सुई बसते तो भाग) आणि सुईसुद्धा घालून दिली आहे आणि वेष्टनावर कशी वाजवायची त्याची चित्रं कोरली आहेत. वेग मिनिटाला १६ पूर्णांक दोन तृतीयांश फेरे.

म्हणजे परग्रहावरच्यांना जोडणीचं साहित्य मिळालं. खांडेपारला मात्र पाच पिनांचा प्लग मिळत नाही.

पावपातळभाजी

परग्रहवासी पण पीयू-मॅगलाच लावतील ना? त्यांचं बरोबर येईल.

सोल्डरगन

त्यांचं बरोबर. मॅग्नेटिक कार्ट्रिज असेल तर.

तेरेखोल

मी एकटाच दुकानदाराच्या बाजूने आहे असं दिसतंय. वय ६८, सोल्डरिंग डोळ्यांना झेपत नाही. पाचशे-सातशेचा ब्लूटूथ रिसीव्हर आणला, तयार डिन केबलने ट्यूनरला लावला. आता नातू आला की फोनवरून त्याचं वाजवतो, मी माझं वाजवतो, मागे कोणी वाकत नाही. ॲम्प्लिफायर, स्पीकर जुनेच. एवढं वाईट आहे का ते?

सोल्डरगन

अजिबात नाही. सेट वाजता राहिला हे महत्त्वाचं. फक्त रिसीव्हरला फोनचा चांगला ॲडाप्टर द्या, लेच्यापेच्या ॲडाप्टरची किरकिर आवाजात उतरते. टीव्हीला लावाल तर ओठ आधी आणि शब्द मागून असं होईल, गाण्याला त्याने फरक पडत नाही.

वायर मी का सांगतो? धागाकर्त्याच्या प्लेअरला ब्लूटूथ आहे की नाही ते त्यांनी लिहिलेलं नाही, आणि वायरला पेअरिंग लागत नाही. आईंना लावायला सोपं.

खांडेपारकर

सगळ्यांचे आभार, देव बरें करूं. प्लेअरला ब्लूटूथ नाही, काका, बरोबर ओळखलंत.

घरचं जमलं. तयार केबल मिळाली, डिनच्या एका प्लगला चार आरसीए पिना (आजच्या लाल-पांढऱ्या सॉकेटांत बसणाऱ्या) असलेली. त्यांतल्या कुठल्या दोन लागतात ते वाजवून शोधलं आणि पुढे साडेतीनची पिन जोडली. ट्यूनरला आवाज स्वच्छ आहे. सुरुवातीला उजवा स्पीकर येत-जात होता, हडफडेचा वारा यांनी सांगितल्याप्रमाणे सिलेक्टरवर फवारा मारला, आता ठीक. चार्जर लावला की घूं येतो, काढला की जातो.

आईचा अभिप्राय: आरतीत उजवीकडे झांज फार मोठी आहे. मी म्हटलं रेकॉर्ड करताना फोन झांजवाल्याजवळ होता. ती म्हणाली, मग झांजवाल्याला सांग. तो आता दुबईला असतो.

गाडीचं अजून ठरलेलं नाही. मेकॅनिकने टेप बाहेर ओढून दाखवला. मागे ऑक्सच्या आरसीए नाहीत, पण एक रुंद, बऱ्याच पिनांचं रिकामं सॉकेट आहे. त्यावर काही लिहिलेलं नाही.

घाटवाट

ते सीडी चेंजरचं सॉकेट असण्याची शक्यता आहे. डिकीत सहा सीडींचा डबा बसवायचे तो जोडायला. अशा बऱ्याच टेपांसाठी चेंजरच्या जागी ऑक्स देणारा ॲडाप्टर मिळतो. मॉडेल नंबर वरच्या पत्र्यावर छापलेला असेल, त्यावरून शोधा. ट्रान्समीटरपेक्षा शंभर पटीने बरं.

सोल्डरगन

घाटवाट म्हणतात ते बरोबर, फक्त तारा खुपसून पिना शोधायला जाऊ नका. त्याच सॉकेटात बॅटरीची १२ व्होल्टची पिन असते. आणि काही टेप चेंजर जोडलेला आहे असा सिग्नल मिळाल्याशिवाय ते इनपुट उघडतच नाहीत, म्हणून त्या मॉडेलसाठीचाच ॲडाप्टर हवा. नाही मिळाला तर अँटेनाच्या वायरीत बसणारा एफएम मॉड्युलेटर बघा. तो हवेतून न पाठवता वायरीतून पाठवतो, बेळगावची जाहिरात मध्ये येत नाही.

तोही नको असेल तर टेप बदला. तुमचा एकेरी मापाचा असेल, १८० बाय ५० मिलिमीटर, तर त्या खाचेत ऑक्स आणि यूएसबीवाला कुठलाही बसेल. जुना जपून ठेवा, गाडी विकताना परत बसवता येतो.

चोडणकार

आणि ट्रान्समीटर घेतलाच तर फेरीत माझ्या शेजारी उभे राहू नका. चोडणचं लोकल बंद पडेल.

कुळागर

एक विचारायचं राहिलं. त्या चार पिनांच्या केबलीत दोन वापरल्या, उरलेल्या दोन लोंबकळतात. त्यांचं काय करायचं?

सोल्डरगन

टेपच्या सॉकेटला लावली असेल तर त्या रेकॉर्डिंगच्या. ॲम्प्लिफायरवर जे वाजतंय ते त्यांतून बाहेर निघतं, कधी कॉम्प्युटरवर उतरवून घ्यायचं असेल तर कामाला येतील, मात्र त्यांचा आवाज बारीक असतो. नको असतील तर दोन्हींवर वेगवेगळी इन्शुलेशन टेप गुंडाळा, एकमेकींना किंवा पत्र्याला लागू देऊ नका.

कुळागर

गुंडाळतो. सोलांसाठी आता दुसरी जागा बघायला हवी.